गाडीचा हीटर कोमटच येतोय? डॅशबोर्ड खोलण्याआधी दोन पाइप चाचपा

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले, की साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या गॅरेजांत एक ठरलेली तक्रार सुरू होते: "हीटर चालू होतो, पण गरम येत नाही." वर्षातले दहा महिने त्या लाल-निळ्या नॉबला कुणी हात लावत नाही. तो थेट महाबळेश्वरच्या थंडीतच आठवतो. पावसाळ्यात पसरणी, केळघर किंवा कुंभार्ली घाटात काच आतून धुरकटते, तेव्हाही हाच हीटर कामाला येतो. पण बरेच जण गाडी कडेला लावून फडक्याने काच पुसत बसतात.

तक्रार घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर मिळतं, "कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." थांबा. हीटर कॉइल खरोखर बाद झालेल्या गाड्या थोड्याच असतात. आपल्या भागात दोष बहुधा दोनच ठिकाणी सापडतो: रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी, नाहीतर कुणीतरी काढून फेकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. या दोन्हींसाठी डॅशबोर्ड खोलायची गरज नसते. आणि एकदा उतरवून परत बसवलेला डॅशबोर्ड खराब रस्त्यावर कायमचा कटकट करायला लागतो, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.

गरमी येते कुठून

पेट्रोल-डिझेल गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनातून तापून आलेल्या कुलंटचा (इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणाऱ्या पाण्याचा) एक फाटा दोन रबरी होस पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कॉइलमध्ये जातो. ब्लोअरची हवा त्या कॉइलमधून जाते आणि गरम होऊन आत येते. म्हणून हीटर कोमट येत असेल तर प्रश्न तीनच उरतात. इंजिन पुरेसं तापतंय का? तापलेलं कुलंट कॉइलपर्यंत पोचतंय का? आणि कॉइल तापत असेल तर हवा तिच्यातून जातेय का?

त्याआधी हीटर खरंच कमजोर आहे का, ते मोजून घ्या. सकाळच्या दहा-बारा अंशांत लहान पेट्रोल गाडीला चार-सहा किलोमीटर चालल्याशिवाय धड गरम हवा येत नाही, आणि त्यात दोष काही नाही. डिझेलला आणखी वेळ लागतो. नवी डिझेल इंजिनं तर उभ्या गाडीत आयडलवर अर्धा तास चालवली तरी नीट तापत नाहीत. दारात गाडी चालू ठेवून हीटर तपासणं म्हणूनच फसवं आहे. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवा, नॉब पूर्ण लाल बाजूला ठेवा, ब्लोअर दोनवर ठेवा आणि मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर अडकवा. मात्र ताप मोजायचा नको, तो बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जात नाही. निरोगी गाडीत आकडा साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस दिसतो. ३५-४० वर अडकला तर दोष आहे. ब्लोअर चारवर टाकल्यावर आकडा थोडा उतरतो, त्याची चिंता नको.

दोन पाइपांची परीक्षा

बोनेट उघडा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे, अंगठ्याएवढे जाड दोन रबरी पाइप शोधा. एसीचे पाइप ॲल्युमिनियमचे असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. इंजिन पूर्ण तापलेलं, नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर चालू. आता दोन्ही पाइपांना बोटाची मागची बाजू क्षणभर लावून बघा. मूठ आवळून धरू नका, आत ८५-९० अंशांचं पाणी असतं. बाह्या सरसावून घ्या आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, इलेक्ट्रिक पंखा सांगून सुरू होत नाही.

दोन्ही पाइप चटका बसण्याइतके गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला आहे, म्हणजे फ्लॅप, केबल, फिल्टर, ब्लोअर यांपैकी कशात तरी. एक गरम आणि दुसरा थंड किंवा कोमट असेल तर कुलंट आत जातंय पण फिरत नाही: हीटर वॉल्व्ह बंद आहे किंवा कॉइल तुंबलीय. दोन्ही कोमट असतील तर गरम पाणी तिथवर पोचतच नाही: पातळी कमी, आत हवा अडकलेली, थर्मोस्टॅट उघडा राहिलेला किंवा वॉटर पंप अशक्त.

इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. मोजताना रोख रबरावर धरा, कारण चकचकीत धातूवर ती खोटा, कमी आकडा दाखवते. दोन पाइपांत दहाएक अंशांचा फरक चालतो. पंचवीस-तीसचा असेल तर कॉइलमधून पाणी रडतखडत जातंय असं समजा.

दोन्ही पाइप कोमट

इंजिन थंड असताना आधी पातळी बघा. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत कुलंट दिसतंय म्हणून समाधान मानू नका. ज्या गाडीत रेडिएटरलाच झाकण आहे, तिथे ते झाकण उघडून बघा. झाकणाचा आतला छोटा वॉल्व्ह किंवा रबर गेलं असेल, तर गरम झाल्यावर कुलंट टाकीत जातं पण थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. टाकी भरलेली आणि रेडिएटर चार बोटं रिकामा, असं हमखास सापडतं. हीटर कॉइल बहुतेक गाड्यांत उंचावर असते, म्हणून पाणी कमी झालं की सगळ्यात आधी तीच कोरडी पडते. तापमानाचा काटा अजून ठीक असतो आणि हीटर मात्र थंड पडलेला असतो. त्या अर्थी हीटर हा आधीच मिळणारा इशारा आहे. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना इंजिन उकळायच्या आधीचा.

झाकणाकडे घाटवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३७२ मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. साधारण ०.९ बार दाब धरणारं झाकण धड असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकण ढिलं असेल तर चढावर उकळून कुलंट बाहेर, मग पातळी कमी, मग वर पोचल्यावर हीटर थंड. झाकणाची किंमत किरकोळ असते. शंका आली तर नवं टाका, पण झाकणावर छापलेला बारचा आकडा तोच हवा.

डॅशबोर्डमागून, विशेषतः सकाळी पहिली रेस दिल्यावर, पाणी खळखळल्यासारखा बुडबुड आवाज येत असेल तर आत हवा आहे. होस बदलला, पंप बदलला किंवा कुलंट बदललं आणि त्यानंतर हीटर गेला, तर दुसरं काही शोधू नका. हवा अशी काढायची: इंजिन पूर्ण थंड असू द्या. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर. झाकण काढून काठोकाठ कुलंट भरा. हीटरच्या वरच्या पाइपवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. मग इंजिन चालू करून १५०० ते २००० आरपीएमवर ठेवा आणि रेडिएटरचा वरचा जाड पाइप अधूनमधून हाताने दाबत राहा. पातळी गपकन खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पुन्हा एकदा उतरेल. कुलंट फुगून वर यायला लागलं की झाकण लावा, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा आणि बंद करा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी परत पातळी बघा. ही सकाळची तपासणी सगळे विसरतात, आणि दोन दिवसांनी "परत तसंच झालं" म्हणून येतात. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही.

थर्मोस्टॅट काढून फेकायची खोड

पातळी ठीक, हवा नाही, तरी पाइप कोमट असतील तर थर्मोस्टॅट बघा. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री म्हणतो, "वॉल्व्ह काढून टाकतो, परत तक्रार येणार नाही." गाडी तापायची थांबते, मालक खूश. हिवाळ्यात हीटर येत नाही तेव्हा त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मध्ये सहा महिने गेलेले असतात.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक कुपी असते. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना, ते मेण वितळून फुगतं आणि वॉल्व्ह उघडतो. तोपर्यंत कुलंट इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. तो काढला किंवा उघडा अडकला, की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून थंड होत राहतं. सपाट रस्त्यावर इंजिन कसंबसं सत्तरला पोचतं. पाचगणीहून वाईकडे उतरताना, जेव्हा पेडल सोडलेलं असतं आणि इंजिनात इंधनच जात नाही, तेव्हा ते पन्नास-साठवर येतं आणि हीटर गार वारा मारायला लागतो. उतारावर हीटर थंड पडणं ही उघड्या थर्मोस्टॅटची जवळजवळ सहीच समजा.

नव्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, इंजिन थंड असेपर्यंत पेटणारा निळा दिवा असतो. तो दिवा पाच-सहा किलोमीटरनंतरही जात नसेल, किंवा उतारावर परत लागत असेल, तर निकाल लागला. ओबीडीच्या (गाडीचा संगणक तपासायच्या) खाचेत बसणारं ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि मोबाइलमधलं ॲप असेल तर कुलंटचं तापमान आकड्यात दिसतं: धड गाडीत ते वर चढून साधारण ८२ ते ९५ मध्ये टिकतं. पी-०१२८ हा कोड आला असेल तर त्याचा अर्थच 'इंजिन थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही' असा आहे. आणखी एक सोपी खूण: सकाळी थंड इंजिन चालू करून दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप चाचपा. तो इंजिनाबरोबरच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे. धड गाडीत तो बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो.

काढलेला थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध टांगा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर सोडा आणि मंद आचेवर तापवा. वॉल्व्हवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, दोन-तीन अंश इकडेतिकडे, कडेला केसाएवढी फट दिसायला लागते. त्यापुढे दहा-पंधरा अंशांत तो पूर्ण उघडतो, बहुतेकांत आठ मिलिमीटरच्या आसपास. गॅस बंद केल्यावर तो परत पूर्ण मिटला पाहिजे. थंड असताना उजेडाकडे धरून बघा, एका बाजूने जरी प्रकाश दिसला तरी तो बाद. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका, कुलंट विषारी असतं.

नवा बसवताना आकडा कंपनीचाच ठेवा. "आपल्याकडे गरमी जास्त, ७६ चा टाका" हा सल्ला ऐकू नका. बसवण्याआधी दोन्ही बाजू जुन्या गॅस्केटपासून साफ करा, ओ-रिंग नवी टाका आणि वॉल्व्हच्या कडेला छोटं हलणारं पिनचं भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा. हवा तिथूनच निसटते. ते खाली आलं की हवा काढताना दमछाक होते.

थर्मोस्टॅटशिवाय गाडी चालवण्यात हीटरपेक्षा मोठं नुकसान आहे. इंजिन थंड आहे असं समजून पेट्रोल गाडी जास्त इंधन देत राहते, ॲव्हरेज पडतं. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जाळून साफ करायला इंजिन तापलेलं लागतं, ते होत नाही आणि काजळी साचत जाते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती तापल्यावर बायपासची वाट बंद करते. तिथे थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, थोडं पाणी रेडिएटरला चुकवून फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. ज्या रोगासाठी काढला तोच वाढला.

पंपाचं थोडक्यात. आयडलला हीटर कोमट आणि दोन-अडीच हजार आरपीएमला गरम, असं होत असेल आणि पातळी बरोबर असेल, तर पंपाची पाती झिजली किंवा गंजली असावीत. पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून रंगीत डाग उतरलेले दिसले तर सील गेलं. बेल्ट ढिला नाही ना हेही बघा. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे दोन्ही एकदमच बदला, मजुरी एकच पडते.

एक गरम, एक थंड

बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर केबलने चालणारा एक वॉल्व्ह असतो. नॉब गरमवर फिरवायला कुणाला तरी सांगा आणि त्याचा दांडा पूर्ण हलतो का ते डोळ्यांनी बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून तो जाम होतो. हाताने हळूहळू हलवून, गंज सोडवणारा स्प्रे मारून सुटतो, पण प्लास्टिकचा असेल तर जोर लावू नका, तुकडा हातात येईल. दांडा हलतो पण पाणी जात नाही, असं असेल तर वॉल्व्ह बदला.

वॉल्व्ह नाही किंवा ठीक आहे, तर कॉइल तुंबलीय. आता पाण्याकडे येऊ. माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातलं बोअरचं पाणी ज्याने चहाच्या भांड्यात आटवलंय, त्याला तळाशी बसणारा पांढरा थर माहीत आहे. तोच थर कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यात इंजिनातला गंज मिसळतो. कुणी लीक बंद करणारी पावडर टाकलेली असते. आणि हळदीच्या सांगलीत तर रेडिएटर गळला की हळद टाकायचा उपाय प्रत्येक ड्रायव्हरला पाठ. वाटेत अडकलात तर गावापर्यंत पोचायला ठीक आहे. पण हळद असो की बाटलीतलं स्टॉप-लीक, ते जिथे वाट सगळ्यात अरुंद तिथेच जाऊन बसतं, आणि सगळ्यात अरुंद वाट असते हीटर कॉइलची.

धुवायची पद्धत अशी. इंजिन थंड, कुलंट एका टबात काढून घ्या. गटारात सोडू नका, ते गोड लागतं आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात. दोन्ही हीटर पाइप पत्र्याजवळून सोडवा. जुना रबरी पाइप नळीला चिकटलेला असतो, पक्कडीने ओढू नका, आतली नळी वाकली किंवा तुटली तर खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागेल. क्लिप मागे सरकवा, पाइप आधी हलकेच पिळून फिरवा आणि मग ओढा. तरी नाही निघाला तर रबर उभं कापा, पाइप नवा टाका. कुठला पाइप आत जाणारा ते खुणेने लक्षात ठेवा.

आता बाहेर येणाऱ्या नळीला बागेची नळी जोडा, म्हणजे पाणी नेहमीच्या उलट दिशेने जाईल. दुसऱ्या नळीतून येणारं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. नळ हळू सोडा. आधी काही नाही, मग तांबूस पाणी, मग चहाच्या चोथ्यासारखा गाळ बाहेर पडतो. पाणी स्वच्छ आलं की दिशा बदला, परत उलटी करा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावायचा मोह आवरा, कॉइल जेमतेम एक-दीड बारसाठी असते आणि तिची शिवण उसवली की गालिचा भिजतो.

किती मोकळी झाली, ते मोजायचीही सोय आहे. त्याच नळाने, तेवढाच सोडून, नुसत्या नळीने बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा, मग कॉइलमधून किती लागतात ते. थोडा जास्त वेळ चालेल. दुप्पट-तिप्पट लागत असेल तर अजून तुंबलेली आहे.

तेव्हा सायट्रिक ॲसिड वापरा, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. दोन्ही नळ्यांना हातभर पाइप लावून तोंडं वर बांधा, नरसाळ्याने द्रावण ओता, बुडबुडे येतील. वीस-तीस मिनिटं ठेवा, काढा, गरज वाटली तर एकदा परत. मग भरपूर साध्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड मारणारे लोक आहेत. ते क्षार काढतं तसं ॲल्युमिनियमही खातं, महिन्याभरात कॉइल गळायला लागते.

परत भरताना हिशेब नीट करा. लहान पेट्रोल गाडीत एकूण साडेतीन ते पाच लिटर कुलंट बसतं, मोठ्या डिझेल गाड्यांत त्याच्या दीड-दुप्पट, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. धुतल्यावर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच साधं पाणी अडकून राहतं. तयार मिसळलेलं कुलंट ओतलं तर ते आणखी पातळ होतं. म्हणून क्षमता चार लिटर असेल तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. निम्मं-निम्मं हे प्रमाण धरून चाला. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही, पण गंज थांबवणारी द्रव्यं कुलंटमध्येच असतात आणि फार पातळ केलं की ती पुरत नाहीत. नुसतं घट्ट कुलंट भरण्यातही शहाणपण नाही, पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीचा रंग असतो, प्रकार डब्यावर वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका, कधीकधी चोथा होतो.

दोन्ही गरम, तरी आत गार

ब्लोअर जोरात फिरतो पण हवा कमी येते, तर आधी केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स उतरवला की मागे सापडतो. उसाच्या हंगामात, कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांचा फिल्टर चार महिन्यांत काजळी आणि पाचटाच्या कुसाने भरतो. दहा हजार किलोमीटरची वाट बघू नका. शेताजवळ गाडी लावत असाल तर फिल्टरच्या जागी उंदराचं घरटंही निघेल: कापूस, गवत, सीटचा फोम. फिल्टर काढून ब्लोअर चालवून बघा. हवा सुधारली की कारण मिळालं. ब्लोअर फक्त चारवर चालतो आणि एक-दोन-तीनला मुका असेल तर रेझिस्टर जळालाय, तो ब्लोअरच्या शेजारीच दोन स्क्रूंवर असतो.

हवा भरपूर पण गार, तर थंड-गरम हवा मिसळणारा फ्लॅप पूर्ण फिरत नाही. नॉब पूर्ण गरमवर जोरात नेऊन बघा. धड असेल तर शेवटी आतून फ्लॅप टेकल्याचा दबका 'थप' आवाज येतो. नॉब विनात्रास फिरतोय आणि आवाज नाही, तर केबल निसटलीय. ड्रायव्हरच्या डाव्या पायाशेजारी किंवा मधल्या कन्सोलच्या बाजूला टॉर्च मारा, फ्लॅपचा दांडा आणि केबलची क्लिप दिसते. नॉब पूर्ण गरमवर ठेवा, दांडा हाताने गरमच्या टोकाला पूर्ण रेटा आणि त्याच स्थितीत केबलच्या बाहेरच्या आवरणाची क्लिप दाबा. पाच मिलिमीटरचा फरकसुद्धा हीटर कोमट करतो, कारण तेवढ्या फटीतून गार हवा सतत मिसळत राहते. ऑटो एसीच्या गाडीत केबलऐवजी छोटी मोटर असते. गाडी चालू करताना डॅशबोर्डमधून थोडा वेळ टकटक येत असेल तर तिचे प्लास्टिकचे दाते गेलेत. जाळीतून काळे चुरगळलेले कण उडत असतील तर फ्लॅपवरचा फोम कुजलाय. त्याला मात्र बॉक्स खोलण्यावाचून इलाज नाही.

सीएनजीवाल्यांसाठी

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये रेड्यूसरला गरम पाणी देण्यासाठी हीटरच्या पाइपांनाच टी जोड मारलेले असतात. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत असलेला गॅस रेड्यूसरमध्ये दाब सोडताना प्रचंड थंड होतो, म्हणून ती सोय. टी चुकीच्या जागी, फार बारीक किंवा उलटसुलट लावले की पाणी सोपी वाट धरतं आणि हीटरला उरतं ते रडकं. किट बसवल्यापासूनच हीटर गेला असेल तर तिथेच बघा. रेड्यूसरवर पांढरा बर्फ धरत असेल तर त्यालाही पाणी पोचत नाही, म्हणजे पातळी किंवा हवेचा प्रश्न आहे. गाडी गॅसवर गचके मारण्याचं कारणही तेच असू शकतं.

परत परत हवा होत असेल

नीट हवा काढली, कुठे थेंबही गळत नाही, तरी आठवड्यात पुन्हा खळखळ आणि कुलंट कमी. मग हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची) शंका घ्या. थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधी, वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी होते, झाकणाच्या जागी नळी लावतात आणि जळका वायू आला तर निळ्याचा पिवळा होतो. ही चाचणी झाल्याशिवाय हेड उतरवायला परवानगी देऊ नका.

आणि खरंच कॉइल गळत असेल तर

खुणा स्पष्ट असतात: शेजारच्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला, हात लावला तर बोटं चिकट, आत गोडसर वास, आणि हीटर लावला की काचेवर तेलकट धुकं जे फडक्याने पसरतं पण जात नाही. एसीचं पाणीही तिथे पडू शकतं, पण ते चिकट नसतं आणि त्याला वास नसतो. लगेच बदलणं जमत नसेल तर दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कॉइल बाजूला काढता येते. हा तात्पुरता मार्ग आहे. जोडायला कुलंटचा जाड पाइप आणि स्क्रूच्या क्लिपा वापरा, पेट्रोलचा किंवा बागेचा पाइप महिनाभरात फुगतो. सेकंडहँड गाडी घेताना हे दोन पाइप जरूर बघा. आधीच्या मालकाने असा यू जोड मारून विकलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात घेतल्या की कळतही नाही.

कॉइल बदलायची ठरली तर गॅरेजला दोन गोष्टी आधी विचारा. पहिली, ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोलच्या बाजूने कॉइल सरकवून निघते का. काही मॉडेल्समध्ये निघते आणि डॅशबोर्ड वाचतो. दुसरी, कॉइल काढताना एसीचा कूलिंग कॉइलचा बॉक्स हलवावा लागेल का. हलवावा लागत असेल तर एसीचा गॅस यंत्राने काढून घेऊन नंतर परत भरावा लागतो, तो खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या. बॉक्स उघडलाच आहे तर फ्लॅपचा फोम, पाइपांच्या ओ-रिंगा आणि दोन्ही हीटर होस त्याच वेळी नवे टाका. आणि नवी कॉइल बसवण्याआधी इंजिन आणि रेडिएटर धुऊन घेतलंच पाहिजे, नाहीतर जुना गाळ पहिल्याच आठवड्यात नव्या कॉइलमध्ये जाऊन बसतो.